स्त्रादे बिआंके : तोस्कानातील पांढरे रस्ते व सायकल-भ्रमण

स्त्रादे बिआंके : मध्य इटलीतील तोस्काना (टस्कनी) प्रदेशात, मुख्यतः सिएना शहराभोवतीच्या टेकड्यांत आढळणारे, डांबर नसलेले पांढरट खडीचे रस्ते. स्थानिक चुनखडीचा चुरा पसरून व दाबून ते तयार केलेले असतात. उन्हात ते डोळ्यांवर येतात आणि एखादे वाहन गेले की मागे बराच वेळ धूळ तरंगत राहते. सिएनाच्या उत्तरेस व ईशान्येस किआंतीचे द्राक्षमळे, आग्नेयेस क्रेते सेनेसी या नावाने ओळखला जाणारा उघडा चिकणमातीचा मुलूख आणि त्याही दक्षिणेस ओर्चा नदीचे खोरे, अशा तीन निरनिराळ्या भूभागांतून हे रस्ते जातात. आपल्याकडच्या पाणंदीसारखेच त्यांचे काम होते : माणूस, बैल आणि गाडी शेतापर्यंत पोहोचवणे. आज त्यांच्यावर सर्वाधिक प्रेम सायकलस्वारांचे आहे. बहुतेक ठिकाणी मोटारींना बंदी नाही, पण शेतावर राहणाऱ्याखेरीज कोणाला तिथे मोटार नेण्याचे कारण पडत नाही. या रस्त्यांवरची शांतता आहे ती एवढ्यामुळेच.

रस्त्यांची आखणी समजून घ्यायची तर आधी माती पाहावी लागते. क्रेते सेनेसीचा भाग प्लायोसीन या काही लाख वर्षांपूर्वीच्या भूशास्त्रीय काळात समुद्राखाली होता. त्या समुद्राच्या तळाशी साचलेली करडी चिकणमाती आता टेकड्यांच्या रूपाने वर आलेली आहे. पावसाने ती सहज झिजते. कुठे सुऱ्याने कापल्यासारख्या उभ्या घळी पडतात, तर कुठे क्षार वर येऊन पांढरे झालेले बुटके उंचवटे उरतात. अशा जमिनीत दरीच्या तळाशी रस्ता केला तर तो पहिल्याच पावसाळी आठवड्यात खचतो. म्हणून रस्ते टेकड्यांच्या माथ्यांवरून, कड्यांच्या काठाने नेले गेले. सायकलस्वाराला याचा अनुभव दोन तऱ्हांनी येतो. दोन्ही बाजूंना दूरवरचे दिसत राहते, स्वच्छ हवेत दक्षिणेला १,७३८ मीटर उंचीचा आमिआता पर्वतही. पण सलग एक किलोमीटर सपाट रस्ता मिळणे कठीण. एका टेकडीवरून दुसरीवर जायचे तर मध्ये खाली उतरून पुन्हा चढावेच लागते. तोस्कानाच्या फोटोंत टेकड्या मऊ वाटतात. पायांना त्या तशा वाटत नाहीत.

रस्ते इतके दाट का, याचे उत्तर जमीनधारणेत आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे मेझाद्रिआ ही अर्धेलीची पद्धत चालली. जमीन, घर आणि बरेचदा जनावरे मालकाची; कष्ट कुळाचे; पीक निम्मे-निम्मे. आपल्याकडे शेतकरी गावठाणात राहतो आणि शेतावर जातो. इथे कुळाचे कुटुंब थेट शेतावरच राही. प्रत्येक शेतवाडीला, म्हणजे पोदेरेला, टेकडीवर स्वतःचे दगडी किंवा विटांचे घर, खाली गोठा, वर बिऱ्हाड. घरे विखुरलेली, म्हणून रस्तेही विखुरलेले. जितकी घरे तितक्या वाटा. घरापर्यंत जाणाऱ्या वाटेच्या कडेला सरूची झाडे लावण्याची चाल होती, आणि आज कॅलेंडरांवर दिसणारी ती नागमोडी रांग मुळात कोणाच्या तरी दारापर्यंतची आहे. सिएनाच्या नगरभवनात आंब्रोजिओ लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ मध्ये रंगवलेल्या सुशासनाच्या भित्तिचित्रात शहराच्या वेशीबाहेर पडणारा रस्ता, ओझी लादलेली जनावरे आणि पट्ट्यापट्ट्यांत नांगरलेल्या टेकड्या दिसतात. आजही वेशीबाहेर पडल्यावर त्या टेकड्या ओळखता येतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही व्यवस्था कोसळली. १९५० आणि १९६० च्या दशकांत कुळांची तरुण पिढी कारखान्यांकडे व शहरांकडे निघून गेली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास मनाई झाली आणि १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडाच्या पद्धतीत बदलण्याची वाट मोकळी केली. तोवर शेकडो पोदेरे ओस पडले होते. क्रेते सेनेसी आणि ओर्चा खोऱ्यातील काही जमिनी सार्दिनिया बेटावरून आलेल्या मेंढपाळांनी स्वस्तात घेतल्या, आणि पिएंझाच्या आसपासच्या मेंढीच्या दुधाच्या चीजमागे त्यांचा मोठा हात आहे. उरलेली घरे पुढे शहरी व परदेशी लोकांनी विकत घेतली. १९८५ मध्ये शेत-पर्यटनाचा राष्ट्रीय कायदा झाल्यावर अनेक वाड्या पाहुण्यांसाठी उघडल्या. म्हणजे पर्यटक जिला ‘निवांत ग्रामीण इटली’ म्हणतात, तो निवांतपणा बऱ्याच अंशी गाव सोडून गेलेल्यांनी मागे ठेवलेला आहे. १९४० साली याच वाटांवर बैलगाड्या, गाढवे, शाळेला पायी जाणारी मुले आणि फेरीवाले यांची वर्दळ होती.

माणसे गेली तरी रस्ते राहिले, आणि डांबराविना राहिले. सुरुवातीला त्यामागे कोणतेही धोरण नव्हते : दोन-तीन घरांसाठी डांबर कोण घालणार? यांतले पुष्कळ रस्ते खाजगी जमिनीवरचे पण सार्वजनिक वहिवाटीचे आहेत. त्यांची देखभाल कडेच्या जमीनमालकांच्या संघाने करायची आणि नगरपालिकेने खर्चाचा काही वाटा उचलायचा, ही तजवीज १९१८ च्या एका आदेशातून आली असून ती अजून वापरात आहे. खडीचा रस्ता बनवायला स्वस्त असला तरी टिकवायला सोपा नाही. चर बुजले की पाणी रस्त्यावरून वाहते, उतारावर घळी पडतात, वाहने ब्रेक मारतात तिथे आडव्या लाटा उमटतात, आणि दरवर्षी यंत्राने पृष्ठभाग खरवडून नवी खडी टाकावी लागते. त्यामुळे ‘एकदाचे डांबर टाका’ ही मागणी तिथल्या रहिवाशांकडूनच येते, आणि रोज धूळ खाणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ती गैर म्हणता येत नाही.

या मागणीच्या विरुद्ध बाजूला जोर मिळाला तो सायकलींमुळे. १९९७ मध्ये जांकार्लो ब्रोक्की यांनी किआंतीतील गायोले या गावातून ‘लेरोइका’ हा सायकल-मेळावा सुरू केला. पहिल्या वर्षी ९२ जण आले. १९८७ पूर्वीच्या बनावटीची पोलादी सायकल, गिअर बदलण्याचे दांडे फ्रेमच्या तिरक्या नळीवर, पायडलला पट्टे आणि ब्रेकच्या केबल हँडलवरून उघड्या, अशा अटी आहेत. अंगात लोकरी जर्सी असते. वाटेतल्या मुक्कामांवर ताकद देणाऱ्या जेलच्या पुड्यांऐवजी पाव, रिबोल्लिता हे शिळ्या पावाचे दाटसर कालवण आणि रेड वाइन मिळते. प्रकार हौशी आणि थोडा नाटकी आहे, पण पांढरे रस्ते डांबरीकरणापासून वाचवणे हा हेतू पहिल्यापासून उघडपणे सांगितला गेला. मेळावा ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरतो. त्याचा २०९ किलोमीटरचा मार्ग मात्र कायमस्वरूपी पाट्या लावून वर्षभर खुला ठेवलेला आहे, आणि शांतपणे फिरू इच्छिणाऱ्याला मेळाव्यापेक्षा या पाट्यांचा उपयोग अधिक. गायोले, ब्रोलिओचा किल्ला, सिएना, मुर्लो, मोंताल्चिनो, बुओनकोन्वेन्तो, आशानो, कास्तेल्नुओवो बेरार्देंगा असा हा फेरा आहे. एकूण चढाई साडेतीन हजार मीटरांहून अधिक होते. तो एका दिवसात संपवणे ही खेळाडूंची हौस. चार-पाच दिवसांत तो अंगी लागतो.

याच मेळाव्यातून व्यावसायिक शर्यत जन्मली. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ती प्रथम झाली, पुढच्या वर्षीपासून मार्चमध्ये आली आणि पुढे ‘स्त्रादे बिआंके’ हेच तिचे नाव झाले. महिलांची शर्यत २०१५ पासून होते. शेवट सिएनाच्या सांता कातेरिना गल्लीतील सुमारे १६ टक्क्यांच्या चढानंतर पिआत्सा देल काम्पो या शिंपल्याच्या आकाराच्या चौकात. आशानोजवळचा मॉन्ते सान्ते मारिए हा साडेअकरा किलोमीटरचा खडीचा टप्पा ही शर्यत तीन वेळा जिंकलेल्या स्विस सायकलपटू फाबिआन कांचेल्लारा याच्या नावे केला आहे. शर्यतीने या रस्त्यांना जगभर ओळख दिली, आणि ओळखीबरोबर गर्दीही. मार्चच्या त्या आठवड्यात तिथे निवांतपणा शोधू नये.

इतर दिवशी मात्र तो सापडतो. क्रेते सेनेसीत सकाळी चाकाखालच्या खडीचा कुरकुर आवाज, चंडोल आणि दूरचा एखादा ट्रॅक्टर एवढेच ऐकू येते. एप्रिल-मे महिन्यांत टेकड्या गव्हाने हिरव्या असतात, जूनअखेर पिवळ्या, आणि कापणीनंतर नांगरट झाली की थेट राखाडी. तीन वेळा गेलेल्याला तीन वेगळे प्रदेश पाहिल्यासारखे वाटते. बुओनकोन्वेन्तोहून मोंताल्चिनोला जाताना समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मीटरांवरून ५६४ मीटरांपर्यंत चढावे लागते. वर पोहोचल्यावर ब्रुनेल्लो वाइनचा मुलूख लागतो, पण उतार शिल्लक असताना ती चाखण्यात शहाणपण नाही. खालच्या अंगाला ओर्चा खोऱ्यात, जे २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, काही पांढरे रस्ते आणि व्हिआ फ्रांचीजेना ही रोमला जाणारी मध्ययुगीन यात्रावाट एकच होतात. इंग्लंडमधील कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक दहाव्या शतकाच्या अखेरीस रोमहून परतताना याच वाटेने गेला आणि त्याने ७९ मुक्कामांची नोंद ठेवली. आता पाठीवर पिशवी घेतलेले पदयात्री भेटतात; अरुंद वाटेवर सायकलवाल्याने वेग कमी करून त्यांना हाक द्यावी.

काही गोष्टी नकाशावर दिसत नाहीत. पाऊस पडून गेल्यावर खडी विरळ असलेल्या टप्प्यांवर चिकणमाती टायरला धरते आणि मडगार्डमध्ये इतकी दाटते की चाक फिरेनासे होते. मग काठीने खरवडणे हाच उपाय, म्हणून बरेच जण मडगार्ड लावतच नाहीत. फार अरुंद टायरवर उतार घेणे धोक्याचे आहे, कारण सुटी खडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला साचलेली असते. हलके गिअर हवेतच. ले तोल्फेजवळच्या छोट्या चढात काही मीटर १८ टक्क्यांपर्यंत चढ आहे. तिथे उतरून सायकल ढकलण्यात लाज वाटून घेऊ नये. मेंढ्यांचे कळप राखणारे पांढरे मारेम्मा कुत्रे लांडग्यांशी सामना करण्यासाठी पाळलेले असतात आणि वेगाने येणारी सायकल त्यांना पटत नाही. उतरून, सायकल आपल्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरून, कळपाला वळसा घालून चालत जावे. शरदाच्या उत्तरार्धात व हिवाळ्यात रानडुकरांची शिकार चालते, तेव्हा वाटेवर शिकारीची पाटी दिसल्यास दुसरा रस्ता धरलेला बरा. दुपारी गावातली दुकाने दोन-तीन तास बंद असतात, आणि दोन गावांमध्ये पाणी मिळेलच असे नाही. ऑगस्टमध्ये तर सावली म्हणजे एखादा सरू, आणि त्याची सावली किती पडणार!

सलग पांढऱ्या रस्त्याने सगळा प्रवास होत नाही, हेही सांगायला हवे. मधेमधे डांबरी रस्ते जोडावे लागतात. फिरेंझे (फ्लॉरेन्स) ते सिएना ही किआंतीतून जाणारी २२२ क्रमांकाची प्रसिद्ध वाट सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलींनी भरलेली असते, आणि कास्सिआ हा रोमचा जुना महामार्ग शक्य तितक्या लवकर ओलांडून पलीकडे जावे. उलट सिएनाच्या तटबंदीच्या आत बहुतांश भागात मोटारींना १९६० च्या दशकापासूनच मज्जाव आहे. प्रादेशिक रेल्वेगाड्यांत सायकलीचे वेगळे तिकीट काढून ती नेता येते. त्यामुळे फिरेंझेहून सिएनापर्यंत गाडीने यायचे आणि तिथून चाके मातीला लावायची, ही पद्धत रूढ आहे.

ज्यांना मोटार अजिबातच नको, त्यांना तोस्काना सोडून शेजारच्या उंब्रियात जाता येईल. तिथे स्पोलेतो ते नॉर्चा हा सुमारे ५१ किलोमीटरचा अरुंदमापी विजेचा लोहमार्ग १९२६ मध्ये सुरू झाला आणि १९६८ मध्ये बंद पडला. त्याच्या रुळांच्या जागी आता सायकलवाट आहे. पांढरे रस्ते माथ्यावरून जातात; हा मार्ग डोंगराच्या पोटातून आणि दऱ्यांवरच्या पुलांवरून जातो. १९ बोगदे आहेत, त्यांतला काप्रारेच्चा बोगदा जवळजवळ दोन किलोमीटर लांबीचा. आगगाडीला झेपेल एवढाच, म्हणजे कमाल साडेचार टक्के चढ असल्याने डोंगराळ मुलखात असूनही लहान मुले आणि वयस्क लोक तो पार करतात. २०१६ च्या भूकंपांत नॉर्चाकडच्या टोकाची बरीच हानी झाली. स्पोलेतोकडून निघावे, आणि भर उन्हाळ्यातही बोगद्यासाठी जाकीट व चांगला दिवा जवळ ठेवावा.