कानाच्या घड्याळावर चालणारं चित्र

पडद्यावर दोन ठिपके आहेत. एक डावीकडून येतो, एक उजवीकडून. दोघं सारख्याच वेगाने सरकत मध्यभागी एकमेकांवर येतात आणि पुन्हा दूर जातात. आवाज नसेल तर पाहणाऱ्या बहुतेकांना वाटतं, ठिपके एकमेकांतून आरपार गेले. आता ते एकत्र येतात नेमक्या त्या क्षणी बारीकसा ‘टक्’ आवाज वाजवायचा. चित्रात काडीचाही बदल नाही, तरी बऱ्याच जणांना ठिपके आपटून उलटे फिरल्यासारखे दिसतात. रॉबर्ट सेक्युलर, ॲलिसन सेक्युलर आणि रेने लाऊ यांनी हा प्रयोग १९९७ साली ‘नेचर’मध्ये मांडला होता.

पॉप गाण्याचा व्हिडिओ पाहताना मला हे ठिपके हटकून आठवतात. नर्तिकेचा पाय जमिनीला टेकतो, त्याच क्षणी ड्रमचा ठोका पडतो आणि पाऊल आहे त्याहून वजनदार दिसतं. आपण म्हणतो, काय जोरात नाचतेय! त्यातला थोडा जोर ड्रमवाल्याचा असतो.

मेंदूने डोळा आणि कान यांच्यात कामं वाटून दिलेली आहेत. एखादी गोष्ट कुठे घडली, यात डोळ्याचा शब्द मोठा. म्हणून तर शब्दभ्रमकाराचा आवाज बाहुलीच्या तोंडातून येतोय असं वाटतं. पण केव्हा घडली, हे विचारायचं तर कानाला. दोन आवाजांमधली दोन-तीन मिलिसेकंदांची फट कानाला कळते, आणि सिनेमाची एक फ्रेम मात्र पडद्यावर जवळजवळ ४२ मिलिसेकंद असते. वेळेच्या बाबतीत डोळा कानापुढे इतका मवाळ पडतो, की एकदाच लुकलुकलेल्या दिव्यासोबत दोन ‘बीप’ ऐकवले तर दिवा दोनदा लुकलुकल्याचा भास होतो. लदान शम्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे दाखवून दिलं.

नेहमीच्या सिनेमात दृश्यं आधी जुळतात, संगीत मागून येतं. गाण्याच्या व्हिडिओत क्रम उलटा. गाणं तयार असतं, त्याची लांबी-रुंदी ठरलेली असते आणि चित्राला त्या मापात बसावं लागतं. म्हणजे संकलक काम करतो ते कानाच्या घड्याळावर.

हे मापही गमतीचं आहे. गाण्यात मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम्सच्या हिशेबाने बरोबर १२ फ्रेम्स. सगळं सरळ. पण गाणं १२८ ठोक्यांचं असेल तर हिशेब येतो सव्वाअकरा फ्रेम्सचा, आणि पाव फ्रेम काही कापता येत नाही. मग तीन ठोके अकरा-अकरा फ्रेम्सचे आणि चौथा बाराचा, अशी तडजोड करावी लागते. ती कुणाच्या लक्षात येत नाही, कारण इतक्या चुकीला मेंदू माफी देतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार, आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला जाणवू लागतं. उशिरा आला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत पत्ता लागत नाही. ही माफी एकतर्फी का? निसर्गात प्रकाश नेहमीच आधी पोचतो. ३४ मीटरवर कुणी टाळी वाजवली तर आवाज यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. वीज चमकण्याआधी गडगडाट ऐकू आला, असं कधी कुणी अनुभवलेलं नाही. त्यामुळे उशिरा येणारा आवाज आपल्या सवयीचा, आधी येणारा संशयास्पद.

पण म्हणून दर ठोक्यावर कट मारायचा, म्हणजे शॉट बदलायचा, का? मला तरी असे व्हिडिओ भिंतीत खिळे ठोकत बसल्यासारखे वाटतात. मेंदू दोन-चार ठोक्यांत नियम ओळखतो आणि मग पुढचा कट त्याला काही सांगत नाही. चांगला संकलक तबलजीसारखा असतो. मधल्या मात्रा हुलकावणी देत सोडतो, कट एखाद्या हालचालीच्या पोटात दडवतो आणि समेवर येतो तेव्हाच तो उघडपणे दाखवतो. दडवलेले कट खरोखर दिसत नाहीत. टिम स्मिथ आणि जॉन हेंडरसन यांनी २००८ साली प्रेक्षकांना सिनेमाचे तुकडे दाखवून सांगितलं, कट दिसला की बटण दाबा. माणसं कट शोधायलाच बसली होती, तरी बरेच निसटले. हालचाल चालू असताना केलेले तर विशेष.

आता असा एक व्हिडिओ घेऊ, ज्यात कटच नाही. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या ‘यलो’ गाण्याचा, २००० सालचा. गायक ख्रिस मार्टिन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्टडलंड बे इथे भिजलेल्या कपड्यांत चालत गातो. बस्स. शेवटपर्यंत एकच शॉट. तरी नजर हलत नाही, आणि कशामुळे हलत नाही हे पटकन सांगताही येत नाही.

पहिली क्लृप्ती वेळेची. चित्रीकरण सेकंदाला ५० फ्रेम्सने झालं, म्हणजे ब्रिटनमधल्या नेहमीच्या २५च्या दुप्पट, आणि मार्टिनला गाणं दुप्पट वेगाने म्हणावं लागलं. नंतर चित्र निम्म्या वेगाने चालवलं तेव्हा ओठ मूळ गाण्याशी जुळले, बाकीचं जग मात्र संथ झालं. (टेप नुसती दुप्पट वेगाने फिरवली तर षड्ज थेट वरच्या सप्तकात जातो. सेटवर असल्या चिरक्या आवाजाबरोबर गंभीर चेहरा ठेवून गाणं हीसुद्धा एक कलाच म्हणायची.)

संथ झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. पडणाऱ्या वस्तूचं अंतर वेळेच्या वर्गावर अवलंबून असतं. त्यामुळे वेळ दुप्पट ताणली की गुरुत्वाकर्षण निम्मं नव्हे, पाव झाल्यासारखं दिसतं. पृथ्वीवरचं त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, पडद्यावरचं सुमारे २.४५. मंगळावर ते ३.७ आहे, चंद्रावर १.६. म्हणजे गायकामागे फुटणाऱ्या लाटा मंगळ आणि चंद्र यांच्या मधल्या कुठल्यातरी ग्रहावरच्या आहेत, आणि त्याच ग्रहावर उभा राहून तो पृथ्वीच्या चालीत गातो आहे. केस, ओले कपडे, पापणीची उघडझाप सगळं त्या परक्या गुरुत्वाकर्षणाचं. फक्त ओठ आपले. स्वप्नाळू वाटतं म्हणतात, ते ह्या विसंगतीमुळे.

ओठ जुळवण्यावर एवढा आटापिटा करायचं कारणही आहे. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ साली दाखवलं की ‘बा’ असा आवाज ऐकवून ओठ मात्र ‘गा’ म्हणताना दाखवले, तर बहुतेक मोठ्या माणसांना ‘डा’ ऐकू येतं. ओठ नुसते दिसत नाहीत, कानात शिरून अक्षर बदलतात.

दुसरी क्लृप्ती रंगाची. सुरुवातीला रात्र वाटते, पुढे उजाडतं. प्रत्यक्षात सगळं चित्रीकरण दिवसाचं. पहिला भाग प्रयोगशाळेत रंग बदलून रात्रीचा केला. अशी रात्र करताना सहसा उजेड उतरवतात आणि छटा निळ्याकडे झुकवतात, आणि हे डोळ्याला सहज पटतं. कमी उजेडात डोळ्यातले दंडपेशी काम करतात. त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही, निळसर-हिरवं जास्त उजळ भासतं. तिन्हीसांजेला बागेतलं लाल फूल काळवंडतं आणि पानं मात्र दिसत राहतात, ते याचमुळे. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात.

वेळेचा खेळ टोकाला नेलेला पाहायचा तर मिशेल गोंद्री या फ्रेंच दिग्दर्शकाने २००२ साली केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जोडीसाठी केलेला ‘स्टार गिटार’ पाहावा. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा मुलूख, एवढंच. मग लक्षात येतं की ठोका पडतो तेव्हाच खांब सरकतो आणि सूर उमटतो तेव्हाच इमारत येते. गोंद्रीने हे आधी आलेख कागदावर आखलं होतं आणि संत्री, काटेचमचे, पुस्तकं, पेले मांडून तालीम केली होती.

कथेचं काय? इथे गाणं कथेच्या आड येतं, कारण कथा पुढे जाते आणि गाणं पुन्हा मुखड्यावर येतं. तीन-चार मिनिटांत तेच शब्द तीनदा. कच्चा दिग्दर्शक मुखडा आला की नाच दाखवून मोकळा होतो. जाणकार तीच चौकट परत आणतो, पण मधल्या अंतऱ्यात काहीतरी घडवून. पहिल्या मुखड्यात रिकामी खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची; दुसऱ्यात, कुणीतरी निघून गेल्यावर, तीच खुर्ची बोलायला लागते. बाकी कथा प्रेक्षकच रचतो, आणि त्याला फार थोडं पुरतं. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी १९४४ साली एक छोटी ॲनिमेशन फिल्म दाखवली होती: दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक उघडमीट होणारी चौकट. ३४ पैकी एकच प्रेक्षक निघाला ज्याने भूमितीच्या भाषेत वर्णन केलं. बाकीच्यांनी दांडगाई, भांडण, सुटका सांगितली. पुढे १९८८ मध्ये सँड्रा मार्शल आणि ॲनाबेल कोहेन यांनी अशाच आकृत्यांच्या फिल्मला वेगवेगळं संगीत जोडून पाहिलं, तर आकृत्यांचे स्वभावही प्रेक्षकांना वेगळे वाटले. त्रिकोणाची ही गत, तर माणसाच्या चेहऱ्याची काय असेल.

हे सगळं घरबसल्या तपासता येतं. एखाद्या नाचाच्या व्हिडिओचा आवाज बंद करा आणि साधारण त्याच लयीचं भलतंच गाणं लावा. काही सेकंदांतच पावलं नव्या ठोक्यावर पडू लागतात, हात नव्या सुरांवर उठतात. जे जुळतं ते मेंदू उचलतो, जे हुकतं ते सोडून देतो. कॅमेरा दूर असेपर्यंत हे छान चालतं. मग गायिकेचा चेहरा जवळून दिसतो, ओठ एक म्हणतात, कान दुसरंच ऐकतो, आणि सगळा डोलारा पहिल्याच अक्षराला कोसळतो. पुन्हा नाच सुरू होऊ द्या, तो परत उभा राहतो.