गावच्या सोसायटीत जनऔषधी केंद्र: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

ज्या विकास सोसायटीच्या दारात आपण पीककर्जाला आणि खताला जातो, तिथेच रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी मिळायला आता सरकारी अडचण उरलेली नाही. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या २,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांना प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतले स्वस्त औषधांचे दुकान, उघडू देण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे त्या म्हणजे विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, बोलण्यातली ‘सोसायटी’. जनऔषधीची औषधे कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने (जेनेरिक) विकली जातात आणि बाजारातल्या ब्रँडेड औषधांपेक्षा साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. मधुमेह झालेल्या माणसाला गोळी आयुष्यभर घ्यायची असते. त्यासाठी दर महिन्याला तालुक्याची एसटी धरायची म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. पैसे नसले की लोक आधी गोळीच बंद करतात. म्हणून हे काम सोसायटीने मनावर घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

बहुतेक ठिकाणी चेअरमन किंवा गटसचिव सर्वांत आधी संकेतस्थळ उघडून अर्ज भरायला बसतात. खरे तर अर्ज शेवटी येतो. पहिला कागद आहे संस्थेचे उपविधी, म्हणजे संस्था कशी चालवायची याचे तिचे लेखी नियम. तुमच्या उपविधीतल्या उद्देशांत औषध विक्री किंवा आरोग्य सेवा बसते का, ते वाचा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये दिलेले आदर्श उपविधी संस्थेने स्वीकारले असतील, तर पतपुरवठ्यापलीकडचे पंचवीसहून अधिक व्यवसाय त्यात धरलेले आहेत. जुनेच उपविधी चालू असतील, तर सर्वसाधारण सभेत दुरुस्तीचा ठराव करावा लागतो आणि ती दुरुस्ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १३ खाली निबंधकांकडून नोंदवून घ्यावी लागते. हे काम तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयातून होते. सभेची नोटीस, हजेरी आणि इतिवृत्त नीट ठेवा. नोटिशीत विषय न लिहिता आयत्या वेळी घेतलेला ठराव नोंदणीच्या वेळी अडकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फार्मासिस्ट. डी.फार्म किंवा बी.फार्म झालेला आणि महाराष्ट्र राज्य औषध व्यवसाय परिषदेकडे नोंदणी असलेला माणूस दुकानात प्रत्यक्ष बसणार आहे का? संस्था स्वतः पदवीधर नसते, तिने त्याला पगारावर नेमायचे असते. नुसते प्रमाणपत्र भाड्याने घेऊन भिंतीवर लावायचा मार्ग कोणी सुचवला, तर तो धरू नका. त्यात परवाना जाऊ शकतो आणि चुकीची गोळी दिली गेली तर माणूसही. आपल्या गावचा किंवा शेजारच्या गावचा मुलगा-मुलगी शोधा, कारण शहरातून येणारा माणूस सहा महिन्यांत सोडून जातो आणि केंद्राला कुलूप लागते. गावात डी.फार्म झालेल्या कितीतरी मुली घरी बसून आहेत. त्यांना आधी विचारा.

तिसरी गोष्ट म्हणजे जागा. स्वतःची किंवा भाड्याची, किमान १२० चौरस फूट. किरकोळ औषध दुकानाला कायद्याने किमान १० चौरस मीटर लागतात, ते यात भागते. पण जागा कोणती, याला जास्त महत्त्व आहे. सोसायटीच्या गोदामात युरियाच्या गोण्यांशेजारी पत्र्याखाली कपाट मांडून चालणार नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली हात लावून पाहा, म्हणजे कळेल. बऱ्याच औषधांच्या वेष्टनावर ३० अंशांखाली ठेवा असे लिहिलेले असते आणि न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. म्हणजे फ्रिज हवा आणि वीज गेल्यावर तो चालेल अशी सोयही हवी. कीटकनाशकांची खोली वेगळीच असू द्या.

एवढे जमले की कागद गोळा करा: संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, नोंदवलेले उपविधी, केंद्र चालवण्याचा आणि सही कोण करणार याचा संचालक मंडळाचा ठराव, संस्थेचे पॅन, बँक खात्याचा तपशील, लेखापरीक्षण अहवाल, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, फार्मासिस्टचे पदवी-पदविका व नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याचे नेमणूकपत्र. सगळीकडे संस्थेचे नाव अक्षरशः एकच असले पाहिजे. एका कागदावर ‘वि. का. से. सह. संस्था’ आणि दुसऱ्यावर ‘विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था मर्यादित’ असे असले की अर्ज परत फिरण्याची भीती असते.

अर्ज जनऔषधीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. निर्णय झाला तेव्हा अर्जाचे शुल्क ५,००० रुपये होते. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती आणि माजी सैनिक या अर्जदारांना, तसेच काही विशेष भागांना त्यात सूट होती. तुमचा तालुका त्यात येतो का, ते भरण्याआधी बघा. दोन केंद्रांमधल्या अंतराचीही अट असते, त्यामुळे जवळपास आधीचे केंद्र आहे का तेही तपासून घ्या. प्राथमिक मंजुरी मिळाली की अन्न व औषध प्रशासनाकडे परवान्याचा अर्ज करायचा. तो नमुना १९ मध्ये असतो आणि परवाने नमुना २० व २१ मध्ये मिळतात. दुकानाचे नाव परवान्यावर ‘प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्र’ असेच यायला हवे. दुसऱ्या नावाने परवाना काढलात तर पुन्हा दुरुस्तीचा फेरा. औषध निरीक्षक जागा पाहायला येतील तेव्हा फार्मासिस्ट हजर ठेवा. परवाना पाच वर्षांनी नव्याने काढावा लागत नाही, मात्र पाच वर्षांनी शुल्क भरून तो चालू ठेवावा लागतो. परवाना अपलोड केल्यावर करार होतो, केंद्राला क्रमांक मिळतो आणि मग मालाची मागणी करता येते.

हिशेब पीककर्जाच्या खात्यात मिसळू नका, औषध व्यवसायाची वेगळी खातेवही ठेवा. नफा झाला तर चौथा हिस्सा राखीव निधीला जातोच. त्यापुढे सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ६९ प्रमाणे निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम धर्मादाय किंवा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढता येते. ती खर्चायला शासनाने अधिसूचित केलेल्या संघीय संस्थेची (सहकारी संस्थांच्या वरच्या संघाची) मान्यता लागते. डोळे तपासणीचे शिबिर, गरीब रुग्णाच्या औषधाची मदत यांना हाच पैसा आहे.

याहून मोठे, म्हणजे दवाखाना किंवा प्रयोगशाळा उभारायची असेल, तर राष्ट्रीय सहकार विकास निगमाची ‘आयुष्मान सहकार’ ही कर्जयोजना ऑक्टोबर २०२० पासून आहे. उपविधीत आरोग्य सेवेची तरतूद असलेली कोणतीही सहकारी संस्था तिला पात्र ठरते आणि निगमाचे प्रादेशिक कार्यालय पुण्यात आहे. सभासदांच्या पैशांतून रुग्णालय चालते का, अशी शंका घेणाऱ्यांनी दादरचे शुश्रूषा रुग्णालय पाहावे. डॉ. वसंत रणदिवे यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात नागरिकांच्या सहकारातून ते उभे राहिले.

पहिला माल मागवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. गावात कोणती औषधे सर्वांत जास्त चालतात, याची यादी त्यांच्याकडून घ्या आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहिण्याची विनंती करा. आजीच्या हातात कंपनीच्या नावाची जुनी पट्टी असते आणि समोर अॅम्लोडिपिन असे रक्तदाबाच्या त्याच औषधाचे मूळ नाव छापलेली पट्टी आली की ‘ही माझी गोळी नव्हे’ म्हणून ती परत जाते. मूळ नाव चिठ्ठीवर असेल तर फार्मासिस्टला ते बोट ठेवून दाखवता येते. आणि पहिल्याच मागणीत ‘सुविधा’ सॅनिटरी पॅड जरूर धरा, एक रुपयाला एक. काउंटरवर मुलगी असेल तर शाळेतल्या मुली ते मागायला लाजणार नाहीत.