आरोप आणि दोष यांमधले अंतर : विद्यापीठीय अधिकाऱ्यांविषयीच्या लेखनाची पार्श्वभूमी

कुलगुरू किंवा कुलसचिवांवरील आरोप सिद्ध झालेले नसताना त्यांच्याविषयी काय आणि किती लिहावे, हा प्रश्न मराठी वृत्तपत्रसृष्टीपुढे फार पूर्वी उभा राहिला होता, तो विद्यापीठामुळे नव्हे, तर एका संस्थानाच्या कारभाऱ्यामुळे. रत्नागिरीत जन्मलेले टिळक आणि त्यांचे सहकारी आगरकर यांनी ‘केसरी’ व ‘मराठा’ या वृत्तपत्रांतून कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर, तरुण महाराजांचा छळ चालवल्याबद्दल, टीका केली. ज्या पत्रांच्या आधारे आरोप पुढे गेले ती बनावट निघाली. दोघांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही खटला चालला आणि १८८२ साली चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्यांच्या हेतूबद्दल तेव्हाही फारशी शंका घेतली गेली नव्हती, आणि म्हणूनच हे प्रकरण आजही बोचते : कमी पडला तो प्रामाणिकपणा नव्हे, कागदाची पारख.

तो खटला १८६० च्या दंडसंहितेखालचा होता. त्या संहितेतील कलम ४९९ मधील बदनामीची व्याख्या १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आली आहे. मजकूर खरा असणे एवढेच तिथे पुरत नाही. तो प्रसिद्ध करण्यात लोकहित असावे लागते. नुकसानभरपाईच्या दाव्यांबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली राजगोपाल प्रकरणात लेखकाला बराच आधार दिला. लोकसेवकाच्या पदाच्या कामाविषयीचा मजकूर पुढे चुकीचा ठरला, तरी वाजवी पडताळणी करून तो लिहिला होता एवढे दाखवता आले तर पुरेसे, असे न्यायालयाने म्हटले. फौजदारी बदनामीची तरतूद २०१६ साली त्याच न्यायालयाने वैध ठरवली, त्यामुळे हा आधार अर्धाच आहे.

कोकणात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न. दोन्हींना लागू असणारे कायदे वेगळे, त्यामुळे ‘चौकशी सुरू आहे’ या वाक्याचा अर्थही एक नाही. ती प्राथमिक आहे की विभागीय, कारणे दाखवा नोटीस निघाली की दोषारोपपत्र दिले गेले, हे सांगितल्याशिवाय वाचकाला काहीच कळत नाही. चौकशी होईपर्यंतचे निलंबन ही कायद्याच्या दृष्टीने शिक्षा नसते, पण एसटी स्टँडवरच्या गजालीत माणूस त्याच दिवशी दोषी ठरलेला असतो. छापणाऱ्याने तरी त्या गजालीला शीर्षक पुरवू नये.

काही वर्षांपूर्वी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात माझ्यासमोर अशीच एक बातमी आली होती. ‘कुलसचिवांचा घोटाळा उघड’ असे शीर्षक, आणि आधार म्हणून एक निनावी अर्ज व झेरॉक्सची झेरॉक्स, जिच्यावरचा व्हाउचरचा क्रमांक नेमका कडेला कापला गेला होता. संबंधितांना फोन केला गेला नव्हता. मी ‘घोटाळा’ काढून ‘तक्रार’ लिहिले. शीर्षक मात्र रात्री मुख्य कार्यालयात पूर्ववत झाले. आठ महिन्यांनी चौकशीत त्या अधिकाऱ्याकडे दोष आढळला नाही, तेव्हा ती बातमी आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या शेजारी, चार ओळींत लागली.