कणकेतला सह्याद्री

मीठ घालून मळलेल्या मैद्यातून महाराष्ट्राचा उठावाचा नकाशा करायला सांगा, पहिल्या दहा मिनिटांत हमखास एक गोष्ट घडते. मुलं छोटे छोटे मोदक वळतात आणि किनाऱ्याला समांतर ओळीने चिकटवतात. झाला सह्याद्री! एका अंगाला कोकण, दुसऱ्या अंगाला देश, दोन्ही सारखेच सपाट.

अशा वेळी मुलांना मुंबई-पुणे रेल्वेप्रवास आठवायला सांगावा. कर्जत सुटलं की गाडी बोरघाट चढू लागते आणि लोणावळ्याला सहाशे मीटरच्या वर पोचते. पुढे तेवढीच खाली उतरते का? पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. म्हणजे घाट चढलो ते जवळजवळ चढलोच. कोकणातून भिंतीसारखा दिसणारा सह्याद्री खरं तर दख्खनच्या पठाराची तुटलेली कड आहे.

हे पठार लाव्ह्याचं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर साचले. घाटात कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पट्ट्या म्हणजे हेच थर. पुढे पावसाने आणि नद्यांनी त्यांच्यात दऱ्या कोरल्या. जे झिजायचं राहिलं, त्यालाच आपण डोंगर म्हणतो. कळसूबाईसुद्धा अशीच मागे राहिलेली.

मग नकाशाही तसाच करावा: डोंगर चिकटवायचे नाहीत, दऱ्या कोरायच्या.

आधी मापाचं बघू. पूर्व-पश्चिम ८०० किलोमीटरचा महाराष्ट्र ४० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर बसवला, तर १ सेंटिमीटर म्हणजे २० किलोमीटर. याच मापाने १६४६ मीटरची कळसूबाई भरते जेमतेम ०.८ मिलिमीटर! राज्यातलं सर्वांत उंच शिखर पापडाएवढं. मुलांना हे आकडेमोड करून स्वतः काढू द्यावं, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. म्हणून उंची वीसपट वाढवायची, १ किलोमीटरला १ सेंटिमीटर. कळसूबाई १६ मिलिमीटर, पुणे साडेपाच, नागपूर तीन. उंची वीसपट वाढवली आहे हे नकाशाच्या कोपऱ्यात ठळक लिहायचं, त्यात लपवाछपवी नको.

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, आणि लागेल तसं वाटीभर पाणी. एवढ्या मिठाचं काम काय? मीठ पाणी धरून ठेवतं, बुरशीच्या वाट्याला ते येत नाही, म्हणून नकाशा सहसा नासत नाही. जाडं मीठ मात्र नको, पृष्ठभाग खरबरीत होतो. गोळ्याचे चार भाग करा. एकात हळद, एकात कॉफी घालून रंग वेगळे करा. चार-चार मिलिमीटरच्या पोळ्या लाटून एकावर एक ठेवा. प्रत्येक वरची पोळी पूर्वेकडे थोडी आखूड हवी, कारण लाव्ह्याची जाडीही पूर्वेकडे कमी होत जाते. भंडारा-गडचिरोलीकडे तर बहुतेक ठिकाणी त्याहून जुने खडक उघडे आहेत.

आता चमच्याच्या दांड्याने कोरायला घ्या. कोकणाची अडीच सेंटिमीटरची पट्टी जवळजवळ पुठ्ठ्यापर्यंत खरवडायची. पूर्वेकडे गोदावरी, भीमा, कृष्णेची खोरी रुंद आणि उथळ. खरवडता खरवडता दरीच्या उतारावर पिवळी, तपकिरी, पांढरी पट्टी उघडी पडते, अगदी घाटातल्या कड्यासारखी.

वाळवायचं सावलीत. उन्हात वरचा भाग आधी सुकून आक्रसतो, आत ओल तशीच राहते आणि नकाशाला तडे जातात. हंगाम डिसेंबर-जानेवारीचाच धरावा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि पावसाळ्यात नकाशाला घाम फुटतो. पुरता वाळल्यावर व्हार्निशचे दोन हात द्या.

मग ड्रॉपरने निळ्या पाण्याचा एक थेंब कड्याच्या पश्चिमेला सोडा. तो सरळ कोकणात घरंगळतो. दुसरा बोटभर पूर्वेला, त्र्यंबकेश्वरापाशी सोडा. तो तिथेच थबकतो. पुणे ते नागपूर या सुमारे ३० सेंटिमीटरच्या अंतरात, उंची वीसपट वाढवूनही, उतार फक्त अडीच मिलिमीटरचा. पुठ्ठ्याची पश्चिम बाजू वहीवर टेकवून किंचित उचला, की थेंब कोरलेल्या खोऱ्यातून हळूहळू सरकू लागतो. अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असताना गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला का जाते, हे त्या थेंबाकडे बघत मुलांनाच सांगू द्या.