पार्श्वभूमी : ‘एब्’ खाऱ्या पाण्याचा, पूर पंचगंगेचा

पंचगंगेचं पाणी उतरू लागलं की इंग्रजी बातम्यांत दोन क्रियापदं दिसतात, ‘रिसीड’ आणि ‘एब्’. दुसरं मूळचं समुद्राचं. जुन्या इंग्रजीत ‘एब्बा’ म्हणजे ओहोटी. डच आणि जर्मनमध्ये त्याची सख्खी भावंडं आहेत. जोर, उत्साह, आशा ओसरण्यालाही हा शब्द शतकानुशतकं वापरला जातो.

घोळ जोडीदाराचा आहे. दर्यावर्दी इंग्रजीत ‘एब्’ची जोडी ‘फ्लड’शी, आणि तिथे फ्लड म्हणजे भरतीचा आत येणारा प्रवाह. कोल्हापुरात मात्र फ्लड म्हटलं की राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी आठवते. मग ‘एब् अँड फ्लड’चं मराठी ‘ओहोटी आणि पूर’ होऊन बसतं. ते चूकच.

नौकानयनात तर पाण्याची उंची आणि प्रवाह वेगवेगळे धरतात. उंचीला ‘राइज’ आणि ‘फॉल’. आडव्या प्रवाहाला ‘फ्लड’ आणि ‘एब्’. दोन्ही एकाच वेळी उलटतील असं नाही. किनाऱ्याला पाणी उतरू लागलं तरी बाहेर काही ठिकाणी भरतीचा प्रवाह आणखी तीन तास चालतो. पूर्ण भरतीची वेळ पाहून तेव्हाच ‘एब्’ लागला असं समजणारी होडी उलट्या प्रवाहात सापडते. रोजच्या इंग्रजीने हा भेद केव्हाच सोडला आणि सरसकट उतरत्या पाण्याला ‘एब्’ म्हटलं.

शब्दकोश पुराच्या पाण्यालाही ‘एब्’ चालवतात. तरी पंचगंगेला ‘रिसीड’च बरा. ओहोटीला घड्याळ असतं. कोकण किनाऱ्यावर भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांत पाणी तळाला जातं आणि परत फिरतं. ढोबळ हिशेबात पहिल्या तासाला एकूण उताराच्या बारा भागांपैकी एक, दुसऱ्याला दोन, मधल्या दोन तासांत तीन-तीन, मग दोन, शेवटी एक. उतार चार मीटरचा असेल तर मधल्या एकेका तासात मीटरभर पाणी जातं. पंचगंगेला असलं वेळापत्रक नाही. ऑगस्ट २०१९मध्ये ५५ फूट ७ इंचांवर गेलेलं पाणी इंचाइंचानं उतरलं. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेकची भर पडते. त्यात नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा तुंबलेली असली की फुग, म्हणजे तुंबलेलं पाणी, पंचगंगेत मागे येते आणि उतरणारं पाणी जागच्या जागी थबकतं.

वापरात दोन ठिकाणी हमखास घसरतं. ‘ॲट अ लो एब्’ म्हणजे हळूहळू घटणं नव्हे, तळाला टेकणं. गुळाच्या सौद्यात दर नुकते उतरू लागले असतील तर हा वाक्प्रयोग लागू नाही. हंगामातला नीचांक गाठला असेल तर चपखल. हळूहळू आटण्याला ‘एब् अवे’ आहे. आणि ‘एब्’ अकर्मक आहे. पाणी ‘एब्’ होतं, कुणी ते ‘एब्’ करत नाही. दरवाजे बंद करून पातळी खाली आणली, असं सांगायचं तर ‘लोअर’ वापरावा.