टेनेमेंट म्हणजे चाळ नव्हे, निदान मार्चमाँटमध्ये तरी

दर सप्टेंबरला हेच होतं. कोणाचा तरी मुलगा एडिनबराला शिकायला जातो, घरच्या ग्रुपवर लिहितो की तिथल्या मार्चमाँट भागात टेनेमेंटमध्ये रूम मिळाली, आणि लगेच मामा-काका सुरू, अरे एवढी फी भरून चाळीत राहतोस होय! मी तिथे दोन वर्षं राहिलोय, त्यामुळे हे वाचलं की राहवत नाही.

घोळ कुठून आला ते उघड आहे. आपल्याकडे सरकारी इंग्रजीत टेनेमेंट म्हणजे चाळीतली खोली नाहीतर म्हाडाचा गाळा. चाळ काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको, लांब गॅलरी, ओळीने खोल्या, टोकाला सामायिक संडास, पागडी. पुढे जाऊ.

स्कॉटलंडमध्ये टेनेमेंट हा शब्द इमारतीची वाटणी कशी केलीय तेवढंच सांगतो, आत राहणारा किती कमावतो ते त्यातून अजिबात कळत नाही. लोक अडकतात ते इथेच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या मध्यमवर्गाचं घर उभं कापलेलं असायचं, म्हणजे एका कुटुंबाला तळापासून छपरापर्यंत एक अरुंद पट्टी आणि रस्त्यावर स्वतःचं दार. स्कॉटिश शहरात इमारत आडवी कापायची जुनी सवय, रस्त्यावर एकच दार, आत दगडी जिना, आणि मजल्यामजल्यावर स्वतंत्र फ्लॅट. एडिनबरावाले त्या सामायिक जिन्याला स्टेअर म्हणतात, ग्लासगोवाले क्लोज. त्यामुळे गरिबाचं घर टेनेमेंटमध्ये आणि चांगल्या पगारदाराचंही टेनेमेंटमध्येच.

मार्चमाँट दुसऱ्या प्रकारातलं. मेडोज नावाच्या मोठ्या मैदानाच्या दक्षिणेला वॉरेंडर घराण्याची जमीन होती, १८६९ मध्ये डेव्हिड ब्राइस या आर्किटेक्टने तिचा आराखडा केला आणि पुढची काही दशकं बांधकाम चाललं. वॉरेंडर पार्क रोड, थर्लस्टेन, स्पॉटिसवुड ही रस्त्यांची नावं त्या घराण्याच्या नात्यागोत्यातली. जमीन द्यायची पद्धत फ्यूची, म्हणजे प्लॉट कायमचा द्यायचा पण दरवर्षी ठरावीक फ्यू ड्यूटी घ्यायची, आणि बांधकाम कसं असावं याच्या अटीही घालायच्या. एका प्लॉटवर चार मजले चढवले की हा बोजा वाटला जायचा, म्हणून शहराच्या कडेला मोकळी जमीन असूनही इमारती उंच आणि एकमेकींना चिकटून, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. ओळीच्या ओळी अशा सरळ की कोपऱ्यावर उभं राहिलं की टोकापर्यंत बे विंडो, म्हणजे भिंतीच्या बाहेर आलेल्या खिडक्या, मोजता येतात. मला हे दृश्य फार आवडतं, दक्षिणेला लागून असलेल्या ग्रेंजच्या बंगल्यांपेक्षा कितीतरी जास्त.

आणि ते बुरूज! टोकदार छपराचे बुरूज आणि पायऱ्यापायऱ्यांच्या कडा बघून लोक मध्ययुगीन किल्ला म्हणून फोटो टाकतात. ती स्कॉटिश बॅरोनियल स्टाइल आहे, त्या काळची फॅशन, कृपा करून किल्ला म्हणू नका.

आत गेलात तर पुढची खोली उंच छताची, कडेला प्लास्टरची नक्षी, मागे स्वयंपाकघर आणि बऱ्याच घरांत तिथेच भिंतीत खाटेपुरता कोनाडा, जिथे मोलकरीण झोपायची. मोलकरीण ठेवणाऱ्या घराला चाळ कसं म्हणणार? आमच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर भिंतीला एक जुनी दांडी होती, ती ओढली की तारेने खाली रस्त्याचं दार उघडायचं, म्हणजे पाहुण्यासाठी चार मजले उतरायला नको.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर चाळीशी नातं सांगणारी टेनेमेंटंही होती. ग्लासगोत सिंगल एंड म्हणजे एकाच खोलीत अख्खं कुटुंब, भिंतीतच खाट, संडास जिन्यावर चार घरांत मिळून. त्याला चाळ म्हणा, मी भांडणार नाही. फक्त ते मार्चमाँटला चिकटवू नका.

बाकी गॅलरी आहे की जिना, मागे अंगण की हिरवळ, हे फरक किरकोळ. मागच्या हिरवळीवर दोरीला कपडे वाळत घालताना शेजाऱ्यांशी गप्पा होतात त्या थेट गिरगावातल्यासारख्याच.

आणि मुलाने पत्ता पाठवला, त्यात २एफ१ असं दिसलं, तर तो पिनकोड नाही. दुसरा मजला, फ्लॅट नंबर एक. तो मजला आपल्यासारखाच मोजायचा, तळमजला सोडून, त्यामुळे बॅगा हलक्या ठेवायला सांगा, लिफ्ट नसते.