पामतेलाच्या पिशवीमागची चाळीस वर्षं

२०२२च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारनं रेशनवर 'आनंदाचा शिधा' वाटला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो, शिवाय एक लिटर पामतेल. डाळ-साखर इथली, तेल मात्र इंडोनेशिया-मलेशियाकडून येणारं. त्याच वर्षी २८ एप्रिलला इंडोनेशियानं, आपल्याच बाजारात भाव भडकले म्हणून, पामतेलाची निर्यात थांबवली होती. फेब्रुवारीतल्या युद्धामुळं युक्रेनचं सूर्यफूल तेल आधीच बंदरांत अडकलेलं. इंडोनेशियाची बंदी २३ मे रोजी उठली, नाहीतर चकल्या कशात तळल्या असत्या हा प्रश्नच होता.

खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आपण आयातीवर भागवतो. पण हे कायमचं दुखणं नव्हे, आणि म्हणूनच मागं जाऊन पाहायला हवं.

१९८६ साली केंद्रानं तेलबियांसाठी तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. तेव्हा देशात वर्षाला जेमतेम एक कोटी आठ लाख टन तेलबिया पिकत. दहा वर्षांत हा आकडा दुपटीच्या वर गेला. श्रेय सुधारित बियाण्याला दिलं जातं, ते अर्धंच खरं. आयात सरकारच्या मुठीत होती. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ 'धारा' हा ब्रँड घेऊन बाजारात उतरलं होतं आणि भाव एका पट्ट्यात राहतील असं पाहत होतं. शेतकऱ्याला भावाची खात्री होती, म्हणून त्यानं पेरलं. नव्वदीच्या सुरुवातीला आयात नावापुरती उरली.

मग १९९४ मध्ये पामोलिनची, म्हणजे पातळ पामतेलाची, आयात खुली झाली. शुल्क ६५ टक्के होतं. १९९८ पर्यंत ते १५ टक्क्यांवर आलं. जागतिक व्यापार संघटनेनं हात बांधले, असं अनेकदा ऐकू येतं. सोयातेलाच्या बाबतीत ते काहीसं खरं आहे, तिथं कमाल मर्यादा ४५ टक्के आहे. पामतेलावर मात्र ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा होती. शुल्क उतरवलं ते आपणच, शहरातलं गिऱ्हाईक ओरडू नये म्हणून.

याची किंमत कुणी मोजली हे पाहायचं तर करडईकडं बघावं. सोलापूर, परभणी, लातूर, धाराशिवच्या काळ्या रानात रब्बी ज्वारीत करडईची पाटं असायची, बांधाच्या कडेनंही ओळी. काटे असे की जनावर आत शिरत नसे, म्हणजे पीकही आणि कुंपणही. कोवळ्या पानांची भाजी, घाण्यावरचं तेल, पेंड गुरांना. मुळं खोल जात असल्यानं ओल कमी असली तरी पीक तग धरतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं वाण दिले, फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याची करडई काढली. तरीही पेरा घसरत गेला: काढणीला मजूर मिळेना आणि पामतेलापुढं भाव टिकेना. एकेकाळी देशात कित्येक लाख हेक्टरवर असलेलं हे पीक आता एक लाख हेक्टरही भरत नाही.

खरिपातली जागा सोयाबीननं घेतली. पण सोयाबीनमध्ये तेल सुमारे १८ टक्के, करडईत तीसच्या आसपास. सोयाबीन हे मुळात पेंडीचं पीक. तेल हा त्याचा जोडधंदा म्हणा ना!

शुल्काचा पाळणा मात्र थांबलेला नाही. २००८ मध्ये भाव चढले, कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क शून्य. २०२१ मध्येही मूळ शुल्क शून्य, फक्त उपकर उरला. सप्टेंबर २०२४ मध्ये शेतकऱ्यांसाठी म्हणून ते, उपकर धरून, एकदम साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. तरी त्या हंगामात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलमागं ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. पुढच्या वर्षी २८ मे रोजी केंद्रानं हमीभाव वाढवून ५,३२८ रुपये केला. दोनच दिवसांनी, पेरणी तोंडावर असताना, कच्च्या तेलावरचं शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणलं.